क्राकोवच्या चौकातली ‘० टक्के कमिशन’ची पाटी

तुमचं वाचलं आणि जुनी जखम भळभळली. ‘० टक्के कमिशन’ वाचून पोलंडमधल्या क्राकोवच्या मुख्य चौकाजवळ युरो बदलले आणि झ्लॉटी (तिथलं चलन) फारच कमी मिळाले, असं तुम्ही लिहिलंय. २०१९ मध्ये मीही तिथेच माती खाल्ली.

चौकात काय बघायचं ते सांगत बसत नाही. १२५७ साली आखलेला, एकेक बाजू साधारण २०० मीटर, मधोमध सुकिएन्नित्से म्हणजे जुना कापडबाजार. चुकायला जागाच नाही. चुकतो तो भाव वाचण्यात.

पैसे बदलायच्या दुकानाला तिथे ‘कांतोर’ म्हणतात. फलकावर दोन रकाने असतात. ‘कुप्नो’ म्हणजे ते आपल्याकडून युरो ज्या भावाने घेतात तो, ‘स्प्शेदाश’ म्हणजे विकतात तो. आपल्याला बघायचा असतो पहिला. मी ज्या दुकानात शिरलो (नाव घेत नाही), तिथे बाहेर ठळक अक्षरांत फक्त दुसरा होता. भाव ४.३० च्या आसपास असताना मला मिळाले ३.५०. म्हणजे २०० युरोंमागे १६० झ्लॉटी गेले! कमिशन खरंच शून्य होतं हो, भावातच सगळं कापलेलं. परत द्या म्हटलं, तर बाईंनी मान वर न करता काचेवरच्या बारीक अक्षरांतल्या कागदावर पेन टेकवलं. तेवढ्यात सेंट मेरी चर्चच्या मनोऱ्यावरून दर तासाला वाजते ती तुतारी सुरू झाली. ती मध्येच तुटते, तेच ऐकायला आम्ही एवढ्या लांब गेलो होतो. बायकोने ऐकली. मी नोटा मोजत होतो.

माझं मत, पटलं तर घ्या: नोटा देण्याआधी ‘एवढ्या युरोंचे किती झ्लॉटी?’ हा आकडा कागदावर लिहून घ्या. लिहून देत नसतील तर बाहेर पडा. मी तर आता कार्डच वापरतो. मात्र यंत्राने ‘रुपयांत घेऊ का?’ विचारलं तर नाहीच म्हणायचं, झ्लॉटीतच घ्यायचं. रुपयांत घेणं हीही तीच भावात कापायची लबाडी. तुमच्या बँकेचं शुल्क किती ते तुम्हीच तपासा, मी काही त्यातला जाणकार नाही.

थोडी रोकड लागतेच, हातगाडीवरच्या ओब्वाझानेकसाठी. खसखस किंवा तीळ लावलेलं पावाचं कडं असतं ते. सकाळीच घ्या, संध्याकाळपर्यंत चामडं होतं.