अलार्म कुठे लावायचा, आणि आमचा पहिला हिवाळा

मार्चमध्ये बायको आणि मुलीला घेऊन इंग्लंडमध्ये लेस्टरला येताय, भाड्याच्या घरात पाणी आणि घर तापवणारा गॅसचा बॉयलर आहे, तर कार्बन मोनॉक्साइडचा (गॅस नीट जळला नाही की होणारा, वास नसलेला विषारी वायू) अलार्म नक्की कुठे लावायचा, असं विचारलंत. व्हिसाचं सगळं सरकारी साइटवर आहे, ते मी सांगत बसत नाही. पण हा प्रश्न वाचून रात्री झोप लागली नाही, म्हणून लिहितेय.

बॉयलर असेल त्याच खोलीत, त्याच्यापासून १ ते ३ मीटरवर लावा. छतावर लावलात तर भिंतीपासून निदान ३० सेंटिमीटर सोडून. भिंतीवर लावलात तर दार-खिडकीच्या वर, पण छताच्या १५ सेंटिमीटर तरी खाली. झोपायच्या खोलीत दुसरा घ्या, तो उशीच्या उंचीवर. आपल्याकडे सिलिंडरचा गॅस खाली बसतो, कार्बन मोनॉक्साइड तसा नाही. हवेपेक्षा किंचित हलका असतो आणि हवेत मिसळून जातो. कपाटात, पडद्यामागे, सिंकच्या वर किंवा एक्झॉस्ट फॅनजवळ लावू नका. घेताना त्यावर बीएस ईएन ५०२९१ हा या अलार्मच्या मानकाचा नंबर लिहिलाय का बघा.

आम्ही २०१६ ला आलो. अलार्म घरात होता, पण स्वयंपाकघरातल्या खणात, पिझ्झाच्या मेन्यूंखाली, बॅटरी काढलेला. बॅटरी उतरली की तो टिकटिक करत राहतो, कंटाळून कुणीतरी काढला असणार. मागे छापलेली मुदतही संपून गेली होती. मी तो बघितला आणि खण बंद केला.

मुलगी तेव्हा ६ वर्षांची. रोज सकाळी म्हणायची, "आई, डोकं दुखतंय." शाळेत गेली की दुपारपर्यंत बरी. शनिवार-रविवारी घरात मलूल. शाळेने हजेरी कमी असल्याचं पत्र पाठवलं, बोलावून सांगितलं की ती रुळत नाहीये, घरीही इंग्रजी बोला. त्याचा राग अजून गेलेला नाही. पण मीसुद्धा तेच धरून चालले. शाळा टाळायला नाटक करतेस म्हणून एकदा तिला मारलंही.

माझंही डोकं जड असायचं. मला वाटायचं, एकटं पडल्यामुळे. एकटेपणाचं फार मनावर घेऊ नका, तो हळूहळू कमी होतो. पुण्यात दर हिवाळ्यात बाथरूममधल्या गॅस गिझरने माणसं गेल्याच्या बातम्या वाचत मोठी झाले, तरी इथे सुचलं नाही.

बॉयलर नीट पेटत नाही म्हणून घर भाड्याने देणाऱ्या एजंटाला चार ईमेल केले, ते दरवेळी फोटो मागायचे. शेवटी वार्षिक तपासणीला गॅस सेफचा, म्हणजे गॅसच्या कामासाठी अधिकृत नोंदणी असलेला, माणूस आला. धूर बाहेर नेणाऱ्या नळीचा सांधा सुटला होता. त्याने तिथल्या तिथे बॉयलर बंद केला, सगळ्या खिडक्या उघडल्या आणि मला विचारलं, "घरात कुणाचं डोकं दुखतं का?"

१ ऑक्टोबर २०२२ पासून इंग्लंडमध्ये बॉयलर असलेल्या खोलीत असा अलार्म देणं घरमालकावर बंधनकारक आहे. तरी चावी मिळाली की आधी मागची तारीख बघा, टेस्टचं बटण दाबा. वाजलाच तर सगळे बाहेर पडा आणि गॅसच्या आपत्कालीन नंबरला, ०८०० १११ ९९९ ला, फोन करा.

आणि मुलीची खोली बॉयलरच्या वर येते का, तेवढं एजंटाला आधीच विचारा. आमच्या मुलीची होती.