घाटात काटा चढतो, पण जाळी तर स्वच्छ दिसते

प्रश्न : मेस्त्रीकाका, माझी सात वर्षांची पेट्रोल गाडी गोव्यात साखळी गावी घरासमोर आंब्याखाली उभी असते. मे महिन्यात माहेरी बेळगावला निघाले, तर केरी सोडून चोर्ल्याचा घाट निम्मा चढेपर्यंत तापमानाचा काटा लाल रेषेजवळ गेला. एसी बंद केला तसा हळूहळू उतरला. रोज पणजीला जाते तेव्हा त्रास नाही, फक्त एसी पूर्वीसारखा गार करत नाही. गॅरेजमध्ये रेडिएटर बदला म्हणाले. पुढून वाकून बघितलं तर मला तो स्वच्छ दिसतो. बदलावाच लागेल का? आणि कचरा जाऊ नये म्हणून मच्छरदाणीची जाळी लावली तर चालेल? – एक वाचक, साखळी

उत्तर : ताई, इतक्यात रेडिएटर बदलू नका. तुम्ही पुढून बघितलात तो रेडिएटर नव्हेच, तो एसीचा कंडेन्सर, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी. रेडिएटर त्याच्या मागे, आणि त्याच्यामागे पंखा. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामध्ये बहुतेक गाड्यांत बोटभर फट असते. बारीक कचरा कडेने, वरून आत ओढला जातो आणि त्या फटीत बसतो. पुढून सगळं लख्ख दिसतं, मागे रेडिएटरला वारा मिळत नाही.

तुमच्या पत्रातल्या दोन गोष्टींवरून मला हाच संशय येतो. एसी नरम झाला आणि घाटात गाडी तापली, म्हणजे दोघांचाही वारा कमी पडतोय. घाटात गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिनावर ताण, वेग कमी, आणि कंडेन्सरची गरम हवा थेट रेडिएटरवर. एसी बंद करताच एसीचा इंजिनावरचा ताणही गेला, ती गरम हवाही गेली. पणजीच्या रस्त्यावर वेगाचा वारा मिळतो म्हणून तिथे भागतं.

फोंड्यात तीस वर्षं गॅरेज चालवतोय, पण ही फट मी एका चुकीतून शिकलो. मोरजीहून एक गाडी आली होती. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापलं की रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप, बदलला, मग वॉटर पंप बदलला, तरी तापतेच. शेवटी रेडिएटर खाली उतरवला तर मध्ये सुरूच्या पानांची गादी, घोंगडीसारखी घट्ट. गाडी रोज किनाऱ्यावर सुरूखाली उभी राहायची. पंपाचे पैसे मी परत केले. आता तापणारी गाडी आली की आधी विजेरी हातात घेतो, स्पॅनर नंतर.

तुमच्याकडे आंबा आहे. मोहोराच्या दिवसांत त्यावर तुडतुडे येतात, त्यांचा चिकट रस मोहोरावर, पानांवर बसतो. झडलेला मोहोर तसाच चिकट असतो. त्यावर डिचोली-साखळी पट्ट्यातली तांबडी धूळ बसली की लेप तयार होतो, आणि तो नुसत्या पाण्याने निघत नाही. पावसाळ्यात पंखवाल्या वाळव्या आणि गवताची कुसं येतात. दसऱ्याला पुढच्या जाळीवर बांधलेली झेंडूची माळही आठ-आठ दिवस तशीच असते, तिच्या पाकळ्या मी कितीतरी वेळा चिमट्याने काढल्यात. पूजा जरूर करा, माळ बॉनेटवर घाला आणि गाडी हलवण्याआधी काढा.

साफसफाई सकाळी, रात्रभर थंड झालेल्या गाडीवर करा. चावी काढून ठेवा आणि बॅटरीची ऋण तार सोडवा, कारण काही गाड्यांचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरतो. वरचं प्लास्टिकचं झाकण क्लिपांवर असतं, ते काढून फटीत विजेरी मारा. गादी दिसली तर भांडी घासायच्या साबणाचं पातळ पाणी फवारून पंधरा मिनिटं भिजू द्या. कपड्यांचा सोडा किंवा तसलं काही तिखट वापरू नका, अॅल्युमिनियम खाल्लं जातं. मग बागेच्या साध्या पाइपने इंजिनाच्या बाजूने पुढे पाणी मारा. वारा आत येतो त्याच्या उलट दिशेने, म्हणजे कचरा आला त्या वाटेने निघतो. पुढून मारलंत तर तो आणखी आत रुततो. सर्व्हिसिंगवाल्यांची जोराची धार तर नकोच, पत्र्याच्या पातळ पात्या आडव्या पडतात आणि वाट कायमची बंद होते. उरलेलं रंगाच्या मऊ ब्रशने, पात्यांच्या रेषेतच. फट इतकी अरुंद असेल की हात जात नाही, तर मेकॅनिककडून रेडिएटर सोडवून साफ करून घ्या. त्याला मजुरी लागेल, पण नवा रेडिएटर नाही.

मच्छरदाणीची जाळी मुळीच नको. पावसात ती पाण्याने आणि चिखलाने भरते, वारा अडवते, आणि तुम्ही पुन्हा घाटात थांबाल. लावायचीच तर बोटाच्या टोकाएवढी भोकं असलेली, आणि तीही अधूनमधून झाडायची.

पात्या बोटाने चोळल्यावर पांढऱ्या भुकटीसारख्या झडत असतील तर मात्र गॅरेजवाल्यांचं बरोबर. समुद्राजवळ राहणाऱ्या गाड्यांचं असं होतं. साखळीला याची शक्यता कमी.

एक गोष्ट जिवाची. काटा पुन्हा चढला तर एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर (तो इंजिनाची उष्णता खेचून घेतो), बाजूला थांबा. लाल रेषेत गेला तर इंजिनही बंद करा. रेडिएटरचं झाकण उघडू नका. आत बाहेरच्या हवेपेक्षा सुमारे एक बार जादा दाबाखाली पाणी शंभर अंशांच्या वर तापूनही उकळत नाही, झाकण सैल होताच ते वाफ होऊन तोंडावर येतं. माझ्या हाताखालच्या पोराचा हात असाच भाजला होता. थंड झाल्यावरच बघा, आणि विहिरीचं पाणी न घालता कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं तयार द्रव, भरा. सांडलेलं लगेच धुवा, ते गोड लागतं म्हणून कुत्री चाटतात आणि दगावतात.

साफ करूनही घाटात काटा चढला तर पंखा वेळेवर फिरतो का ते तपासून घ्या, मग थर्मोस्टॅट. मोहोर झडून गेल्यावर मार्चअखेर आणि पाऊस संपल्यावर ऑक्टोबरात, असं वर्षातून दोनदा त्या फटीत विजेरी मारत चला. गाडी शक्यतो आंब्याखालून हलवा, आणि निदान मोहोराचे दोन महिने तरी तिथे ठेवू नका.