मुलांना एकदा ड्रायव्हरच्या सीटवर बसवा

तुम्ही विचारलंय की पुण्यात तुमच्या सोसायटीतल्या मुलांसाठी रस्तासुरक्षेचा कार्यक्रम करायचा आहे, चित्रकला स्पर्धा आणि घोषणांची फेरी ठरली आहे, आणखी काय करता येईल? मी आधी पीएमटीत, म्हणजे पुण्याच्या शहर बससेवेत, ड्रायव्हर होतो आणि 2007 साली पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन्ही शहरांची बससेवा एकत्र झाल्यावर पीएमपीत. कात्रज, धायरी, हडपसर सगळ्या बाजूंना गाडी चालवली आणि निवृत्त झालो. माझ्या हातून रस्त्यावर कुणाला खरचटलंही नाही, हे मी अभिमानाने सांगतो. त्यामुळे थोडं रोखठोक बोलणार आहे.

चित्रकला स्पर्धा रद्द करा. दर जानेवारीत रस्ता सुरक्षेचा सप्ताह यायचा, आता महिनाभर चालतो, आणि पोरं दर वर्षी तेच चित्र काढतात. पांढरेशुभ्र पट्टे, हिरवा दिवा, शिट्टी वाजवणारा पोलीस. ज्या चौकातून ती शाळेत जातात तिथले पट्टे पुसलेले असतात आणि त्यांच्यावर दुचाक्या उभ्या असतात. त्या चित्राचा मुलाला तिथे काय उपयोग? घोषणांच्या फेरीचंही तेच. फेरी संपली की तीच पोरं बापाच्या स्कूटरवर पुढे उभी राहून बिनहेल्मेटची घरी जातात.

मुलांची खरी अडचण वेगळीच आहे आणि ती मला केबिनमधून रोज दिसायची. मुलाला वाटतं, मला बस दिसते म्हणजे बसवाल्यालाही मी दिसतो. एवढी मोठी लाल बस त्याला दिसतेच. पण बसवाल्याला ते दिसत नसतं. हे मी घरी, डेपोत, कट्ट्यावर सगळ्यांना सांगत आलो. निवृत्तीनंतर नातीच्या शाळेतून बोलावणं आलं की सुरक्षा सप्ताहात आजोबांनी मुलांना मार्गदर्शन करावं. मी म्हटलं, भाषण करणार नाही. तुमची पिवळी बस मैदानात आणून उभी करा, एक बादली फक्की द्या आणि पाचवीचा एक वर्ग द्या.

मुख्याध्यापिका बाईंनी लगेच होकार दिला. खेळाचे सर मात्र नाराज होते. मुलं घाबरतील, म्हणाले. मी म्हटलं, सर, थोडी घाबरलीच पाहिजेत.

एका मुलीला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. खाली दोन उशा ठेवल्या आणि तिचे डोळे माझ्या डोळ्यांच्या उंचीला आणले, नाहीतर कुणीतरी म्हणालं असतं की ती बुटकी म्हणून तिला दिसलं नाही. तिच्या मैत्रिणीला बंपरला पाठ टेकवून उभं केलं. विचारलं, कोण दिसतंय? ती म्हणाली, कुणीच नाही. मैत्रिणीला एकेक पाऊल पुढे जायला सांगितलं. आधी वेणीची रिबन दिसली, मग कपाळ. जिथे पूर्ण चेहरा दिसला तिथे फक्कीची रेघ मारली. मग त्या मैत्रिणीला रेघेवरच खाली बसून बुटाची लेस बांधायला लावली, तर ती पुन्हा गायब. सीटवरची मुलगी उभी राहून काचेला नाक लावून शोधायला लागली. मी तिला म्हटलं, बाळ, गाडी चालवताना असं उठता येत नाही.

मग डावी बाजू. डाव्या बाजूला ड्रायव्हरला फक्त आरसा. आरशाच्या आतल्या अंगाला, दाराच्या मागे, एक मोठा पट्टा असा आहे की तिथे उभी असलेली मुलं ड्रायव्हरच्या लेखी नसतातच. तिथेही फक्की मारली. शेवटी सगळ्या वर्गाला बसच्या मागे दाटीवाटीने उभं केलं आणि सीटवर वर्गशिक्षिकेला बसवलं. त्यांनी दोन्ही आरसे पाहिले आणि विचारलं, मुलं कुठे गेली? अख्खा वर्ग मागे उभा होता, पोरं तोंड दाबून हसत होती. बाई खाली उतरून मागे गेल्या आणि त्या हसल्या नाहीत.

त्यानंतरचा प्रयोग मी मुद्दाम शेवटी ठेवला होता. वळणावर बसचं मागचं चाक पुढच्या चाकाच्या मागून जात नाही, आतून कापून जातं. गाडी जितकी लांब तितकं जास्त. हे ड्रायव्हरला पहिल्या दिवशी शिकवतात, आणि कोपऱ्यावर फुटपाथच्या अगदी कडेला उभ्या राहणाऱ्या माणसांना आयुष्यभर कुणी सांगत नाही. मैदानात फक्कीने कोपरा आखला. कोपऱ्यावर, जिथे पोरं उभी राहतात तिथे, पाण्याच्या रिकाम्या बाटल्या ओळीने मांडल्या. सगळ्या मुलांना दोरीच्या पलीकडे, पार दुसऱ्या टोकाला नेलं आणि शाळेच्या ड्रायव्हरला डावीकडे अगदी हळू वळायला सांगितलं. पुढचं चाक बाटल्यांपासून चांगलं लांबून गेलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग मागचं चाक आलं आणि एकेक बाटली फुटत गेली. त्या आवाजानंतर कुणी टाळी वाजवली नाही. एक मुलगा माझ्याजवळ येऊन म्हणाला, आजोबा, मी क्लासजवळच्या चौकात असाच उभा राहतो. मी त्याला विचारलं, उद्या कुठे उभा राहशील? त्याने फुटपाथवर तीन पावलं मागे जाऊन दाखवलं. मला वाटतं, त्या एका मुलासाठीसुद्धा तो दिवस सार्थकी लागला.

शाळा सुटायच्या वेळेला पालक आले तेव्हा बस तिथेच होती. मी त्यांनाही सीटवर बसवलं. रोज गेटसमोर दुहेरी पार्किंग करणारे एक गृहस्थ बराच वेळ बसून राहिले. उतरून काही बोलले नाहीत, पण नात सांगते की त्यांची गाडी आता पुढच्या गल्लीत लागते.

तेव्हा तुमच्या कार्यक्रमात हे करा. स्कूलबस मिळाली तर उत्तम, नाहीतर सोसायटीत येणारा पाण्याचा टँकरही चालेल. खरं तर टँकर जास्त चांगला, कारण तो तुमच्याच आवारात, मुलं खेळत असताना मागे येतो.

जोडीला पावसाळ्याचं शिकवा. शाळा जूनमध्ये सुरू होतात, तेव्हाच पाऊस येतो. रेनकोटची टोपी डोक्यावर असली की मुलाला बाजूचं दिसत नाही. मान वळवली तरी टोपी तिथेच राहते. रस्ता ओलांडताना टोपी मागे टाकायची, केस भिजले तर भिजू देत. आणि बसमधून उतरल्यावर बसच्या पुढून रस्ता कधीच ओलांडायचा नाही. बस निघून जाऊ द्यायची, मग दोन्हीकडे बघायचं.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते सांगतो. सिंहगड रस्त्यावर एका थांब्यावर मी गाडी उभी केली होती. दप्तर घेतलेला एक मुलगा उतरला आणि गाडीच्या पुढून पलीकडे निघाला. उजव्या आरशात मला मोपेड दिसली, जोरात येत होती. मी हॉर्न दाबून धरला, हात बाहेर काढून हलवला. तरी व्हायचं ते झालं. मुलाच्या पायात पुढे सळई घालावी लागली. आणि मोपेडवर कोण होता? शाळेच्या गणवेशातलाच एक पोरगा, नववी-दहावीचा. तो रस्त्यावर बसून थरथरत होता, पुन्हा पुन्हा म्हणत होता की दिसलाच नाही, काका, दिसलाच नाही. खरंच दिसला नव्हता. पण त्याच्या हातात गाडी दिली कुणी?

हाच वाद माझा मेहुण्याशी चालू आहे. त्याने माझ्या भाच्याला पंधराव्या वर्षी स्कूटर दिली, कारण क्लासला उशीर होतो. मला म्हणतो, दाजी, तो फार छान चालवतो. अरे, चालवत असेल छान. हँडल सांभाळणं आठवड्यात येतं. समोरच्या उभ्या बसच्या पुढून मूल येईल ही शंका यायला वर्षं लागतात. ताशी 50 च्या वेगात गाडी एका सेकंदाला जवळजवळ 14 मीटर जाते. म्हणजे धोका लक्षात येऊन हात ब्रेकवर जाईपर्यंतच एका बसच्या लांबीएवढं अंतर गेलं. 30 च्या वेगात तेच आठ मीटरच्या थोडं वर. पंधराव्या वर्षी हा हिशोब डोक्यात बसत नाही, आणि मित्र मागे बसलेला असला तर मुळीच नाही.

2024 च्या मे महिन्यात कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाच्या गाडीच्या धडकेत दोन तरुण इंजिनिअर गेले, तेव्हा सगळं पुणं पेटून उठलं. जामीन देताना त्या मुलाला फक्त तीनशे शब्दांचा निबंध वगैरे लिहायला सांगितलं, त्यावर मेहुणाही माझ्याइतकाच चिडला होता. मी त्याला तेव्हाच म्हटलं, तुझ्या घरातली किल्ली काढून घे. तर म्हणाला, ती श्रीमंतांची महागडी गाडी होती, आमची साधी स्कूटर आहे. कायद्यात महागडी आणि साधी असा फरक नाही. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 199 अ प्रमाणे अल्पवयीन मुलाकडून गुन्हा घडला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला 3 वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि 25,000 रुपये दंड, गाडीची नोंदणी 12 महिने रद्द, आणि त्या मुलाला वयाची 25 वर्षं होईपर्यंत लायसन्स नाही. वर विमा कंपनी भरपाईचे पैसे मालकाकडून वसूल करू शकते. सोळाव्या वर्षी जे लायसन्स मिळतं ते 50 सीसीपर्यंतच्या, बिनगिअरच्या गाडीचं. आजकालच्या पेट्रोल स्कूटर शंभर सीसीच्या पुढच्या असतात, त्या सोळा वर्षांच्या मुलाला चालवता येत नाहीत. हे सगळं मी मेहुण्याला वाचून दाखवलं आहे.

हेल्मेटचंही तसंच. पुण्यात सक्तीच्या विरोधात मोर्चे निघाले, पण चार वर्षांवरच्या प्रत्येकाला, मागे बसलेल्यालाही, हेल्मेट बंधनकारक आहे. मुलांच्या मापाची हेल्मेट बाजारात मिळतात. मागच्या मुलाला हेल्मेट नसेल तर त्याला स्कूटरवर घेऊ नका, बसने न्या.

काही गोष्टी राहिल्या. बसचा प्रयोग करताना इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, चाकाखाली मोठे दगड आणि किल्ली तुमच्या खिशात. बाटल्यांचा प्रयोग सराईत ड्रायव्हर नसेल तर करू नका. पहिली-दुसरीच्या मुलांना यातलं काही शिकवण्यात अर्थ नाही, त्यांना आवाजाची दिशा आणि गाडीचा वेग नीट कळत नाही. त्यांचा हात धरायचा, तोही आपण रस्त्याच्या बाजूला राहून. शाळेत 2011 च्या स्कूलबस नियमांप्रमाणे परिवहन समिती असायला हवी, तीत पालकांचा प्रतिनिधी असतो. तो कोण आहे ते विचारा आणि गेटसमोरच्या पार्किंगचा विषय तिथे मांडा. आणि एवढं सगळं केलं तरी फुटपाथ नसेल तर मूल रस्त्यावरूनच चालणार. महापालिकेने 2016 साली पादचारी धोरण केलं. 11 डिसेंबरच्या पादचारी दिनाला लक्ष्मी रस्त्याचा काही भाग गाड्यांना बंद असतो, तेव्हा नातीला घेऊन गेलो होतो, ती मधोमध पळत होती. उरलेल्या दिवसांसाठी नगरसेवकाच्या मागे लागा, ते काम मुलांच्या कार्यक्रमाने होणार नाही.

पण फेरी काढण्याआधी सोसायटीची सभा घ्या आणि ठराव करा की अठराच्या आतलं कुणी आपल्या पार्किंगमधून गाडी बाहेर काढणार नाही, आणि गेटवरच्या वॉचमनला त्याला अडवण्याचा अधिकार असेल. सभासद आरडाओरडा करतील, करू देत. मेहुण्याच्या सोसायटीची सभा पुढच्या महिन्यात आहे. तिथे हाच ठराव मांडायला मी जाणार आहे, आणि त्याला तसं कळवलंही आहे.