आजार बरा झाला, फोटो अजून फिरतो आहे

प्रश्न : जानेवारी २०२५ मध्ये माझ्या अकरा वर्षांच्या मुलाला जीबीएस (गिलेन-बारे सिंड्रोम हा मज्जातंतूंचा आजार) झाला. रुग्णवाहिकेत चढवतानाचा त्याचा फोटो कुणीतरी फ्लॅट क्रमांकासह सोसायटीच्या ग्रुपवर टाकला आणि तिथून तो एका स्थानिक बातम्यांच्या पेजवर गेला. मुलगा आता व्यवस्थित चालतो. पण नवे भाडेकरू आले की फोटो पुन्हा फिरतो, आणि मुले त्याला खेळायला घेत नाहीत. स्वयंपाकाच्या मावशींनी तर तेव्हाच काम सोडले. ग्रुपवर डिस्चार्ज कार्ड टाकावे का? ॲडमिनवर खटला भरता येईल का?
– एक आई, धायरी (पुणे)

उत्तर : डिस्चार्ज कार्ड कृपया टाकू नका. तुम्ही ते खुलासा म्हणून टाकाल आणि लोक पुरावा म्हणून पुढे पाठवतील. मुलाचे नाव आजाराला आणखी घट्ट चिकटेल.

जीबीएस एकापासून दुसऱ्याला होत नाही. आधी झालेल्या संसर्गाशी लढताना शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते, म्हणून हातापायांतील बळ जाते. पुण्यात तेव्हा आलेल्या जीबीएसच्या साथीत रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा पोटाचा संसर्ग करणारा जंतू आढळला आणि संशय दूषित पाण्यावर आला. म्हणजे सोसायटीने विचारायला हवे होते ते टाकीचे आणि टँकरचे पाणी तपासले का, हे. त्याऐवजी ‘कोणता फ्लॅट?’ असे विचारले गेले, आणि फोटो पाठवणाऱ्या प्रत्येकाला आपण शेजाऱ्यांना सावधच करतो आहोत असे वाटले. याचे मला फार वाईट वाटते, कारण खरी काळजी करणाऱ्या माणसांच्या हातूनच हे घडते.

म्हणून आजाराची माहिती आणि मुलाची ओळख वेगळी करा. अध्यक्षांना सांगून, कुणाचेही नाव न घेता, डॉक्टरांकडून तपासलेल्या चार ओळी ग्रुपवर टाकायला लावा. कुणी फोटो पुन्हा टाकला, तर ॲडमिन तो सर्वांसाठी काढून टाकू शकतात. मात्र हे त्याच दिवशी व्हायला हवे. सदस्याने टाकलेल्या मजकुराला ॲडमिन केवळ ॲडमिन आहे म्हणून जबाबदार ठरत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटले आहे. तेव्हा खटल्याचा विचार सोडून त्यांना सोबत घ्या.

पेजवरील फोटोचे स्क्रीनशॉट आणि दुवा आधी जपून ठेवा. नंतर त्या समाजमाध्यमाच्या तक्रार अधिकाऱ्याकडे, मुलगा अल्पवयीन आहे हे पहिल्याच ओळीत नमूद करून, तक्रार करा. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार असा अधिकारी नेमणे बंधनकारक आहे. उत्तर पटले नाही, तर ३० दिवसांत तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन दाद मागता येते.

मावशींना मात्र घरी बोलावून, समोर बसवून समजावा. आणि मुलाला विचारा, मित्रांना किती सांगायचे आहे. ‘माझ्या पायांतली ताकद गेली होती, आता आली’ एवढेच सांगावेसे वाटले, तर तेवढेच सांगू द्या.