वाचकांचे प्रश्न : शांत आणि टिकाऊ सीपीयू कूलर

प्रश्न : रायझन ७ ७७०० प्रोसेसरवर नवा डेस्कटॉप जुळवतो आहे. दिवसभर लिखाण आणि संध्याकाळी तासभर व्हिडिओ एडिटिंग असते. मशीन टेबलावर कानाजवळच राहणार, त्यामुळे आवाज नको. कूलरच्या खोक्यांवर २२०, २५०, २६० वॉट असे आकडे दिसतात. कोणता घ्यावा? पुढच्या मशीनलाही तोच वापरता आला तर उत्तम.

उत्तर : खोक्यावरचा वॉटचा आकडा बाजूला ठेवा. तो कसा मोजायचा, याचा सगळ्या कंपन्यांना लागू असा नियम नाही. एखादी कंपनी पंखा पूर्ण वेगाने पळवून आकडा काढते, दुसरी हात राखून छापते. त्याऐवजी प्रोसेसर खरोखर किती वॉट ओढतो ते पाहा. ७७०० चा टीडीपी (कंपनीने सांगितलेला उष्णतेचा आकडा) ६५ वॉट असला तरी त्याला सॉकेटमधून (मदरबोर्डवरच्या त्याच्या बैठकीतून) ८८ वॉटपर्यंत घेण्याची मुभा असते. इंटेलकडे ही दरी आणखी रुंद आहे. कोअर आय९-१४९००के वर १२५ वॉट लिहिलेले असते, पण टर्बोची, म्हणजे जोरात चालतानाची, मर्यादा २५३ वॉट असते. कूलरसाठी धरायचा तो हा वरचा आकडा.

आवाज मुख्यतः पंख्याच्या वेगावर ठरतो आणि वेगाबरोबर तो झपाट्याने चढतो. वेग दुप्पट केला की साधारण १५ डेसिबल वाढतात. मिनिटाला १५०० फेऱ्यांवरून १००० वर आणला की सुमारे ९ डेसिबल उतरतात, म्हणजे कानाला आवाज जवळपास निम्मा वाटतो. हवा मात्र वेगाच्या सरळ प्रमाणातच घटते, इथे एक-तृतीयांशाने. तेवढी हवेची कसर हीटसिंकच्या, म्हणजे उष्णता हवेत सोडणाऱ्या धातूच्या भागाच्या, पत्र्यांचे क्षेत्रफळ वाढवून भरून काढता येते. म्हणून शांतता हवी असेल तर हीटसिंक गरजेपेक्षा मोठा घ्यायचा आणि पंखा रेंगाळत फिरवायचा.

नुसत्या ८८ वॉटसाठी १२० मिमी पंख्याचा, चार-पाच हीटपाइप (उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्या) असलेला सिंगल टॉवर, म्हणजे पत्र्यांचा एकच मनोरा असलेला कूलर पुरतो. पुढच्या मशीनचा विचार असेल तर दोन मनोऱ्यांच्या ड्युअल टॉवरकडे वळा. थर्मलराइटचा पीअरलेस असॅसिन १२० एसई सहा हीटपाइपचा आहे आणि त्याची उंची १५५ मिमी आहे. नॉक्टुआचा एनएच-डी१५ हा १४० मिमी पंख्यांचा, १६५ मिमी उंच आणि पंख्यांसह तब्बल १३२० ग्रॅमचा. कॅबिनेटच्या माहितीपत्रकात ‘सीपीयू कूलर हाइट’ म्हणून दिलेली मर्यादा आधी पाहा. ती कूलरच्या उंचीपेक्षा निदान २-३ मिमी जास्त असू द्या, नाहीतर बाजूची काच पाइपांच्या टोकांवर टेकते.

ड्युअल टॉवरमध्ये दोन पंखे येतात. तुमच्या भाराला मधल्या फटीत बसणारा एकच पुरे. दुसरा काढून खोक्यात ठेवून द्या. काही वर्षांनी पहिला खरखरू लागला की हाच सुटा भाग कामी येईल.

तापमानाबद्दल मात्र उगाच हट्ट धरू नका. या प्रोसेसरची मर्यादा ९५ अंश सेल्सिअस आहे. पूर्ण भाराखाली तो ७५-८० वर असेल तर सगळे ठीक चालले आहे. ५५ वर आणण्यासाठी पंखा पिटाळला तर हाती फक्त घरघर येते, वेगात जाणवण्याजोगा फरक पडत नाही. याउलट सतत २०० वॉटच्या वर चालणाऱ्या प्रोसेसरला कुठलाही एअर कूलर शांत ठेवू शकत नाही. तिथे बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) वॉटची मर्यादाच खाली आणावी. एएमडीमध्ये त्यासाठी इको मोड आहे, इंटेलमध्ये पीएल१ (सतत चालतानाची मर्यादा) आणि पीएल२ (थोड्या वेळापुरती मर्यादा).

प्रश्न : काही पंख्यांवर ‘१,५०,००० तास’ आयुष्य लिहिलेले असते. यावर विश्वास ठेवावा का? बेअरिंग कोणते चांगले?

उत्तर : दीड लाख तास म्हणजे सतरा वर्षे होतात. पण हा आकडा एमटीटीएफचा, म्हणजे सरासरीचे संख्याशास्त्रीय गणित असतो. हातातला पंखा तेवढा चालेलच असे त्यातून निघत नाही. एल१० हा आकडा दिला असेल तर तो जास्त उपयोगी : ठरावीक तापमानाला, बहुधा ४० अंशांना, दहा टक्के पंखे बंद पडेपर्यंत किती तास जातात ते तो सांगतो. आणि दोन्हींपेक्षा वॉरंटीची वर्षे पाहणे शहाणपणाचे, कारण तिथे कंपनीला स्वतःच्या खिशातून भरावे लागते. पाच-सहा वर्षांची वॉरंटी देणारा उत्पादक बेअरिंगमध्ये सहसा काटकसर करत नाही.

साध्या स्लीव्ह बेअरिंगमधले तेल उष्णतेने सुकत जाते आणि दांडा खडखडू लागतो. पंखा छताकडे तोंड करून आडवा बसवला तर ही झीज आणखी लवकर होते. बॉल बेअरिंग उष्णता चांगली सोसते, मात्र नवे असतानाही बारीक खरखर करते आणि वयाबरोबर ती वाढते. शांत कूलरसाठी फ्लुइड डायनॅमिक बेअरिंग किंवा त्याच जातीची कंपन्यांनी आपापल्या नावाने काढलेली बेअरिंग निवडा. त्यात दांडा तेलाच्या दाबाखालच्या थरावर फिरतो आणि तेल सीलबंद राहते.

पण कूलरचे आयुष्य पंख्यावरच मोजू नये. हीटपाइप म्हणजे आतली हवा काढून, थोडेसे पाणी भरून बंद केलेली तांब्याची नळी. आतल्या सच्छिद्र अस्तरातून पाणी परतते, गरम टोकाला वाफ होते, थंड टोकाला पुन्हा पाणी. हलणारा भाग एकही नाही, त्यामुळे झिजण्यासारखे काही नाही. हीटसिंक दोन-तीन मशीनना पुरून उरतो. अडते ते दोन ठिकाणी : पंखा आणि सॉकेटची पकड.

पंखा १२० किंवा १४० मिमीचा, २५ मिमी जाडीचा, तारेच्या क्लिपने बसणारा असावा. म्हणजे उद्या कुठल्याही कंपनीचा लावता येतो. प्लास्टिकच्या कवचात गुंतवलेला, विचित्र मापाचा किंवा दिव्यांची वायर स्वतःच्याच कंट्रोलरला जोडलेला पंखा बिघडला की चांगला हीटसिंकही भंगारात जातो. असले कूलर दिसायला कितीही देखणे असोत, टिकाऊपणात आम्ही त्यांना खालचाच नंबर देऊ.

सॉकेटचे असे की इंटेलच्या एलजीए १२०० या सॉकेटवर कूलर बसवायच्या भोकांमधले अंतर ७५ मिमी होते, एलजीए १७०० वर ते ७८ मिमी झाले. एलजीए १८५१ ने तेच ठेवले. एएमडीच्या एएम४ आणि एएम५ ची भोके सारखी आहेत, पण एएम५ ची मागची पट्टी मदरबोर्डवरून निघत नाही. त्यामुळे स्वतःची पट्टी घेऊन येणारे काही जुने एएम४ कूलर नव्या किटशिवाय तिथे बसत नाहीत. नवे सॉकेट आले की पकडीचे किट वेगळे मिळते का, हे खरेदीपूर्वीच कंपनीच्या संकेतस्थळावर पाहून घ्या. नॉक्टुआसारख्या काही कंपन्या खरेदीचा पुरावा दाखवला की ते मोफत पाठवतात. तेव्हा पावतीचा फोटो काढून ठेवलेला बरा.

प्रश्न : चांगला मोठा कूलर लावला, तरी ब्राउझर उघडला की पंखा भर्रकन वर जातो आणि लगेच खाली येतो. हा चढ-उतार सतत आवाजापेक्षा जास्त त्रास देतो.

उत्तर : दोष कूलरचा नाही, पंख्याच्या वेगाच्या आखणीचा आहे. आजच्या प्रोसेसरचे गाभे (कोअर) असलेली चिप फार लहान असते. ७७०० ज्या पिढीचा आहे त्या झेन ४ मध्ये ती सुमारे ७० चौरस मिमीची आहे. एक गाभा क्षणभर जोरात चालला तरी तापमान १५-२० अंशांनी उसळते आणि पुढच्या क्षणी उतरते. वरचा किलोभर धातू तोवर कोमटही झालेला नसतो. अशा उसळीमागे पंख्याने धावण्यात काहीच अर्थ नाही.

बायोसमध्ये पंख्याच्या विभागात जा. चार पिनांचा पंखा पीडब्ल्यूएमवर (वेगाचा संकेत वेगळ्या तारेतून) आणि तीन पिनांचा डीसीवर (व्होल्टेज कमी-जास्त करून) ठेवा. चार पिनांचा डीसीवर राहिला तर फार खालच्या वेगावर तो कधी कधी अडखळतो. मग कोणत्या तापमानाला किती वेग याचा वक्र असा आखा : ६० अंशांपर्यंत ३० टक्के, सपाट. ७५ ला ५० टक्के, ८५ ला ७० आणि ९२ ला १००. मूळ मुद्दा त्या सपाट भागात आहे, कारण रोजच्या कामातल्या उसळ्या ६० च्या आतच विरतात. तरीही पंखा नाचत असेल तर सपाट भाग ६५-७० पर्यंत ताणा. शेजारीच ‘स्टेप अप टाइम’, ‘स्मूदिंग’ किंवा ‘हिस्टेरेसिस’ अशा नावाची, वेग लगेच बदलू न देणारी सोय असते. ती वेळ विचारत असेल तर चढताना ४-५ सेकंद आणि उतरताना त्याहून जास्त द्या. अंश विचारले तर ४-५ अंश.

यानंतर एकदा वेग हाताने ५-५ टक्क्यांनी चढवत कान लावून बसा. बहुतेक मशीनमध्ये एखाद्या वेगाला कॅबिनेटचा पत्रा सूर धरतो आणि गुणगुण ऐकू येते. समजा, ४५ टक्क्यांना ती येते. मग वक्र असा बसवा की पंखा त्या वेगावर रेंगाळणार नाही, ४० वरून थेट ५० वर जाईल.

गुणगुण नेमकी कुठून येते हे कळेना, तर पंख्याच्या मधल्या गोल भागावर बोट दोन सेकंद हलके टेकवून तो थांबवा. पात्यांना हात लावू नका. आवाज तसाच राहिला तर तो दुसऱ्या पंख्याचा किंवा ग्राफिक्स कार्डाच्या कॉइलचा आहे आणि सीपीयू कूलर बदलून तो जाणार नाही.

प्रश्न : नवा कूलर स्वतः बसवला. मशीन सुरू होताच प्रोसेसर ९५ अंशांवर जातो. कूलर सदोष असेल का?

उत्तर : शक्यता फार कमी. बहुतेकदा तळाच्या चकचकीत धातूवरची पारदर्शक फिल्म काढायची राहून गेलेली असते. ती नसेल तर स्क्रू पाहा. एका बाजूचा पूर्ण आवळून मग दुसरा घेतला की तळ तिरका बसतो आणि पेस्ट (प्रोसेसर व कूलरमधला उष्णता वाहणारा लेप) एकीकडे सरकते. तिसरी शक्यता पंख्याच्या दिशेची : चौकटीच्या आडव्या पट्ट्या ज्या बाजूला असतात तिकडून हवा बाहेर पडते. ही हवा कॅबिनेटच्या मागच्या पंख्याकडे जायला हवी. दोन पंखे एकमेकांकडे तोंड करून बसले तर हवा जागच्या जागी घुसळत राहते. वायर मदरबोर्डवरच्या ‘सीपीयू फॅन’ लिहिलेल्या हेडरलाच (पिनांच्या जोडणीला) आहे ना, तेही पाहा.

उघडून पुन्हा बसवायचा असेल तर मशीन आधी पाच-दहा मिनिटे चालवून पेस्ट मऊ होऊ द्या. मग बंद करून वायर काढा. कूलर डावी-उजवीकडे हलका पिळून सोडवा, सरळ वर ओढू नका. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात, त्यामुळे ओढल्यास प्रोसेसरच सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. एएम५ आणि इंटेलमध्ये तो पकडीखाली असल्याने ही भीती नाही.

जुनी पेस्ट ९० टक्क्यांहून तीव्र आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा. मधोमध ४-५ मिमी व्यासाचा ठिपका आणि चार कोपऱ्यांकडे २ मिमीचे चार ठिपके पुरेत, पसरवायची गरज नाही. पसरवण्याचे काम दाबच करतो. कूलर सरळ खाली टेकवा. दोन्ही स्क्रूंना आधी दोन-तीन आटे धरू द्या. मग एकाला दोन वळसे, दुसऱ्याला दोन वळसे, असे आळीपाळीने आपोआप थांबेपर्यंत आवळा. स्प्रिंगचे स्क्रू दाब स्वतः ठरवतात, थांबल्यावर जोर लावू नका.

प्रश्न : माझी रॅम ४४ मिमी उंच आहे. ड्युअल टॉवर बसेल का?

उत्तर : बसेल, पण पुढचा पंखा रॅमच्या वर सरकवावा लागेल आणि तो जितका सरकेल तितकी कूलरची एकूण उंची वाढेल. एनएच-डी१५ च्या पुढच्या पंख्याखाली ३२ मिमीची रॅम बसते. तुमच्या रॅमसाठी तो १२ मिमी वर जाईल, म्हणून कॅबिनेटमध्ये तेवढी जागा आहे का ते मोजा. नसेल तर पुढचा पंखा काढून फक्त मधला ठेवा. १००-१२० वॉटपर्यंत फारसे बिघडत नाही.

प्रश्न : शांतता हवी तर पाण्याचा कूलर बरा, असे दुकानदार सांगतात. खरे आहे का?

उत्तर : २०० वॉटच्या वर त्यात तथ्य आहे, तुमचे मशीन त्याखाली असेल तर नाही. पाण्याच्या कूलरमध्ये पंखे असतातच, वर पंपाची बारीक गुणगुण येते आणि मशीन रिकामे असतानाही ती चालू राहते. नळ्यांच्या रबरातून पाणी वर्षानुवर्षे थोडे थोडे झिरपून उडते. पंप गेला की सगळा संच टाकावा लागतो. एअर कूलरचा पंखा गेला तर पंखाच बदलायचा.

प्रश्न : चार वर्षांच्या कूलरचा पंखा खरखर करतो आहे. तेल घालावे का?

उत्तर : आधी धूळ काढा, निम्म्या वेळा खरखर तिचीच असते. वायर काढून, क्लिप सोडवून पंखा वेगळा करा. पात्यांच्या कडांवर साचलेला थर तोल बिघडवतो, तो मऊ ब्रशने काढा. हीटसिंकमध्ये हवा मारायची ती बाहेर जाणाऱ्या बाजूने, म्हणजे आत शिरताना अडकलेला थर आल्या वाटेने निघतो. पंखा जवळ असेल तर हवा मारताना पाती धरून ठेवा, मोकळी सोडल्यास ती बेसुमार वेगाने फिरतात आणि बेअरिंगला मार बसतो. व्हॅक्यूम क्लीनरचे तोंड बोर्डाला लावू नका, स्थिर विजेचा धोका असतो.

त्यानंतरही खरखर राहिली तर बेअरिंग संपले आहे. सीलबंद बेअरिंगमध्ये तेल पोहोचत नाही आणि स्लीव्हमध्ये पोहोचले तरी आराम काही आठवड्यांचाच. नवा पंखा घ्या : त्याच मापाचा, २५ मिमी जाड, चार पिनांचा, खाली ५०० फेऱ्यांपर्यंत उतरणारा. त्याच्या चौकटीच्या कोपऱ्यातल्या भोकांत तुमच्या कूलरची तार अडकते ना, हे आधी पाहा. काही पंख्यांचे कोपरे बंद असतात आणि तार निसटते. पेस्टला चार वर्षे झालीच आहेत, त्याच भाराखाली तापमान पूर्वीपेक्षा ८-१० अंश वर दिसत असेल तर तीही याच वेळी बदलून टाका.