तीन ट्यूबावादक, एक नवा माउथपीस आणि तीन मतं: ठेवायचा की परत पाठवायचा?

प्रश्न थोडक्यात असा: बँडमध्ये तीन बीबी-फ्लॅट ट्यूबा, म्हणजे सगळ्यात खालच्या सुरांची पितळी फुंकवाद्यं, आहेत. एका कारागिराकडून खास मापाचा माउथपीस बनवून घेतला, आवडला तर आणखी दोन घ्यायचे आहेत. परत करायला १४ दिवसांची मुदत आहे. पहिल्या तालमीत एक म्हणाला खालचे सूर मोकळे झाले, दुसरा म्हणाला वरचे सूर उतरतात, तिसऱ्याला काहीच फरक जाणवला नाही. आता कुणाचं खरं धरायचं?

तिघांचंही खरं असू शकतं. प्रत्येकाने नव्या माउथपीसची तुलना आपापल्या जुन्याशी आणि आपापल्या ट्यूबावर केली आहे. ३१ मिमीच्या कपावर (कप म्हणजे माउथपीसचा ओठांखालचा वाटीसारखा भाग) वर्षानुवर्षं वाजवणाऱ्याला ३३ मिमीचा कप हौदासारखा वाटणारच, आणि ३३ वरच वाजवणाऱ्याला त्यात नवं काही दिसणार नाही. शितावरून भाताची परीक्षा होते ती एकाच पातेल्यात. इथे पातेली तीन आहेत. म्हणून आधी तिघांची परिस्थिती एकसारखी करा.

सुरुवात शँकपासून, म्हणजे रिसीव्हरमध्ये (ट्यूबाच्या ज्या नळीत माउथपीस बसतो तिच्यात) जाणाऱ्या निमुळत्या भागापासून. ट्यूबाच्या शँकची दोन मापं सर्रास भेटतात, अमेरिकन आणि त्याहून जाडसर युरोपियन. टोकाशी व्यासातला फरक मिलिमीटरभरसुद्धा नसतो, त्यामुळे नुसत्या नजरेला कळत नाही. पण निमुळतेपणा साधारण १:२० चा असतो, म्हणजे दर २० मिमी लांबीला व्यास १ मिमीने बदलतो. व्यासात अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडला की माउथपीस १० मिमी कमी किंवा जास्त आत जातो. तिन्ही ट्यूबा एकाच कंपनीच्या असल्या तरी रिसीव्हर सारखे आहेत असं गृहीत धरू नका. जुना रिसीव्हर झिजून मोठा झालेला असतो, कुठे धक्का लागून लांबुळका झालेला असतो.

तपासायची रीत सोपी आहे. जुना आणि नवा, दोन्ही माउथपीस आळीपाळीने हलक्या हाताने बसवा. रिसीव्हरच्या कडेला लागून शँकवर व्हाइटबोर्ड मार्करने खूण करा, बाहेर काढा आणि टोकापासून खुणेपर्यंतचं अंतर मोजा. २५ मिमीच्या आसपास असेल तर ठीक. जुन्यात आणि नव्यात ५-६ मिमीहून जास्त तफावत निघाली तर त्या ट्यूबावरचं मत सध्या धरू नका. मग त्याच मार्करने शँकवर चार उभ्या रेघा ओढा, माउथपीस बसवून पाव फेरा फिरवा आणि काढून बघा. रेघा सगळ्या लांबीभर सारख्या पुसल्या असतील तर उतार जुळला. फक्त टोकाशीच किंवा फक्त वरच्या बाजूला पुसल्या असतील तर माउथपीस आत डुगडुगतो आहे. तिथून हवा निसटते, सुराची सुरुवात घसरते, आवाज भुसभुशीत येतो आणि बिल फाटतं ते कपाच्या नावावर.

माउथपीस फार आत जात असेल तर चाचणीपुरता एक इलाज आहे. छपाईचा साधा ८० जीएसएमचा कागद सुमारे ०.१ मिमी जाड असतो. त्याच्या ४ मिमी रुंदीच्या तीन उभ्या पट्ट्या शँकवर सारख्या अंतरावर ठेवून बसवा. व्यास ०.२ मिमीने वाढतो आणि माउथपीस जवळपास ४ मिमी बाहेर येतो. सूर सुधारला तर शँक किती जाड हवी हे तुम्हाला मोजून सांगता येईल. उलट, माउथपीस पुरेसा आत जातच नसेल तर कागद कामाचा नाही. शँक लेथवर उतरवावी लागते, आणि ते काम बनवणाऱ्याचंच. आणि हो, बसवलेल्या माउथपीसवर तळहाताने थाप मारू नका. तो रुततो, मग कुणीतरी पक्कड आणतं आणि लीडपाइपचा, म्हणजे रिसीव्हरपुढच्या पहिल्या नळीचा, सांधा सुटतो. रुतलाच तर माउथपीस पुलर वापरा.

आता मापं. कपाचा व्यास व्हर्नियरने मोजाल, पण त्या आकड्यावर फार विसंबू नका. कपाची भिंत सरळ नसते, त्यामुळे कडेपासून किती खोलीवर मोजलं यावर आकडा बदलतो आणि प्रत्येक कारागीर आपापल्या खोलीवर मोजतो. एकाचा ३२.५ दुसऱ्याच्या ३३ एवढा मोठा लागू शकतो. थ्रोटचं, म्हणजे कपाच्या तळाशी असलेल्या सर्वात अरुंद भोकाचं, माप मात्र पक्कं घेता येतं. ड्रिल बिटची गुळगुळीत दांडी, धारेची बाजू नव्हे, कपातून हळूच आत सोडा. ८ मिमीची सहज जाते आणि ८.२ ची अडते, तर थ्रोट त्या दोन्हींच्या मध्ये आहे. ट्यूबात हे माप साधारण ७ ते ८.५ मिमीच्या दरम्यान असतं. कपाच्या आकारमानासाठी शँकचं तोंड बोटाने बंद करा आणि १० मिलिच्या सिरिंजने काठोकाठ पाणी भरा. यात बॅकबोअरचं, म्हणजे थ्रोटपुढच्या शँकमधल्या पोकळीचं, पाणीही आलं, हरकत नाही. जुन्याशी तुलना एवढाच हेतू आहे.

दुसऱ्या वादकाची ‘वरचे सूर उतरतात’ ही तक्रार इथेच अर्धी उलगडते. नव्या माउथपीसमध्ये पाणी बरंच जास्त मावत असेल तर तो खोटं बोलत नाहीये. माउथपीसमधली पोकळी वाद्याच्या लांबीत भर घालते, पण सगळ्या सुरांना सारखी नाही. सूर जितका वरचा तितकी ती भर जास्त भासते. म्हणून कप गरजेपेक्षा मोठा झाला की खालचे सूर जागेवर राहतात आणि वरचे उतरतात. याचा एक अंदाज हातानेच घेता येतो. माउथपीस ट्यूबातून काढून हातात धरा आणि त्याची कड दुसऱ्या तळहातावर आपटा. ‘टॉप्’ असा एक सूर येतो. वाद्यांच्या ध्वनिशास्त्रावर काम केलेले आर्थर बेनेड या सुराला फार महत्त्व देत. जुना आणि नवा लागोपाठ आपटून ऐका. नव्याचा टॉप् स्पष्ट खाली येत असेल तर वरच्या सप्तकाला त्रास होणार हे वाजवण्याआधीच कळतं.

मग ट्यूनर. आधी १५ मिनिटं वाजवून वाद्य गरम करा. आतली हवा १ अंशाने तापली की सूर सुमारे ३ सेंटने चढतो (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग). थंड ट्यूबावर जुना आणि गरम ट्यूबावर नवा वाजवलात तर तुम्ही तापमान मोजत बसाल. एकही व्हॉल्व्ह न दाबता हे सहा सूर घ्या, नावं कॉन्सर्ट पिचमधली, म्हणजे पियानोवरची: बी-फ्लॅट (५८ हर्ट्झ), एफ (८७), बी-फ्लॅट (११७), डी (१४७), एफ (१७५) आणि वरचा बी-फ्लॅट (२३३). वाजवणाऱ्याने भिंतीकडे बघायचं, ट्यूनर दुसऱ्याच्या हातात. स्वतः काटा बघत वाजवलं की ओठ नकळत सूर जागेवर आणतात आणि सगळे माउथपीस उत्तम ठरतात. प्रत्येक सूर तीनदा, मध्ये माउथपीस ओठांपासून दूर करून, आणि तिन्ही आकडे कागदावर.

सगळे सूर सारखेच १० सेंट खाली असतील तर चिंता नको, ट्यूनिंग स्लाइड (सूर जुळवायची सरकती नळी) आत ढकला. बघायचं आहे ते सुरांमधलं अंतर. खालचा बी-फ्लॅट शून्यावर आणून ठेवा आणि वरचा कुठे येतो ते जुन्याशी ताडून पाहा. डी हा पाचवा पार्शल, म्हणजे एकाच नळीतून निघणाऱ्या सुरांच्या नैसर्गिक मालिकेतला पाचवा सूर, तो निसर्गतःच १४ सेंट खाली असतो, त्याचं खापर माउथपीसवर फोडू नका. पण जुन्यावर तो १२ खाली आणि नव्यावर २५ खाली असेल तर पहिला-दुसरा व्हॉल्व्ह दाबून घ्यायची पाळी येते, आणि जलद मार्चमध्ये ते कटकटीचं आहे. ३-४ सेंटचा फरक कुणाच्याही रोजच्या चढउतारात खपून जातो. ८-१० च्या पुढचा फरक तिघांच्याही कागदावर दिसला तर तो माउथपीसचा समजा. एकाच्याच कागदावर दिसला तर त्याच्या रिसीव्हरकडे परत जा.

आवाजाचा निवाडा वाजवणाऱ्याने करू नये असं माझं ठाम मत आहे. ट्यूबाची घंटा, म्हणजे आवाज बाहेर पडणारं रुंद टोक, वर तोंड करून असते, वादकाला ऐकू येतो तो आवाज वेगळाच. कान असलेला एखादा माणूस, शक्यतो बँडमास्तर, १०-१२ मीटरवर पाठ करून बसवा. नाणं उडवून क्रम ठरवा, आठ-दहा फेऱ्या करा, दर वेळी तेच चार बार: एकदा हळू, एकदा जोरात. मध्ये ‘आता नवा’ असं कुणी बोलायचं नाही. मोबाइलच्या रेकॉर्डिंगवर निकाल देऊ नका. तो आवाजाची पातळी आपोआप सारखी करतो आणि एवढ्या खालचे सूर त्याचा माइक अर्धेमुर्धेच पकडतो. तुलनेसाठी सर्वांच्या ओळखीचा एक तिसरा माउथपीसही ठेवा. मिळाला तर कॉन कंपनीचा हेलबर्ग चांगला, खोल नरसाळ्यासारख्या कपाचा. अमेरिकन बँडमास्तर सूझाच्या बँडमध्ये वाजवणाऱ्या ऑगस्ट हेलबर्ग यांचं नाव त्याला आहे आणि जगभरचे ट्यूबावाले ‘हेलबर्गपेक्षा गडद की उजळ’ याच भाषेत बोलतात, कारागीरही.

नव्या माउथपीसची कड सुटी, आट्यांची असेल तर नशीब समजा. प्रत्येकाने एकच कड कायम ठेवून खालचा कप दुसऱ्याकडून बदलून घ्यावा; ओठांना काही कळत नाही आणि वाजवणाराही खऱ्या अर्थाने आंधळी परीक्षा देतो. अखंड माउथपीसमध्ये हे शक्य नसतं, कारण ओठ कड ओळखतात आणि मत तिथेच बनून जातं. ‘आरामदायी’ आणि ‘चांगला वाजतो’ या दोन गोष्टींची सरमिसळ होते ती इथे. आराम कडेचा, सूर आणि आवाज कपाचा, थ्रोटचा, बॅकबोअरचा.

कडेला वेळ द्यावाच लागतो. आतली धार तीक्ष्ण असेल तर सुराची सुरुवात स्वच्छ येते, पण तासाभराने ओठ कापल्यासारखे होतात. रुंद, सपाट कडेवर दम टिकतो, मात्र उड्या मारताना ओठ अडकतात. दोन्ही गोष्टी पहिल्या दिवशी कळत नाहीत, तेव्हा नव्याची नवलाई चालू असते. तुमच्या १४ दिवसांची वाटणी मी अशी करेन: पहिला दिवस शँक आणि मापांचा, मग प्रत्येकाकडे सलग ३ दिवस आणि त्या काळात जुन्याला हात नाही, अकराव्या दिवशी तिघांची एकत्र परीक्षा. उरलेले ३ दिवस फेरतपासणीला आणि पार्सलला. परत पाठवायची मुदत पार्सल निघाल्याच्या दिवशी संपते की पोचल्याच्या, हे आजच विचारून घ्या. प्रत्येकाच्या तिसऱ्या दिवशी, तालमीच्या शेवटच्या १० मिनिटांत, खालचा एफ अगदी हळू सुरू करून बघा. थकलेल्या ओठांवर तो सूर नुसत्या हवेचा फुसकारा न येता उमटला तर कड आणि थ्रोट त्या माणसाला मानवले.

हात बदलताना माउथपीस कोमट पाण्यात सौम्य साबण आणि ब्रशने धुवा, ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, कोरडा होऊ द्या. मुलामा न दिलेला, नुसत्या पितळेचा नमुना आला असेल तर त्यावर तीन-तीन दिवस वाजवू नका. लेथवर सहज कापलं जाणारं पितळ बहुधा २-३ टक्के शिसं घातलेलं असतं. चाचणीपुरता वापरा, मुलाम्याचा मागवा. ओठाभोवती खाज किंवा लाल कडं उठलं तर निकेलची अॅलर्जी असू शकते. त्या माणसाला सोन्याच्या मुलाम्याची किंवा प्लास्टिकची कड लागेल.

कारागिराला लिहिताना ‘आवाज जरा गोल हवा’ असं लिहू नका, त्याला त्यातून काही मोजता येत नाही. ‘तिन्ही ट्यूबांवर वरचा बी-फ्लॅट जुन्यापेक्षा १५ सेंट खाली, शँक २६ मिमी आत, थ्रोट ८.२ च्या आत’ असं लिहा, म्हणजे कप उथळ करायचा हे त्याला वाचताक्षणी कळेल. एका वेळी एकच बदल मागा. पहिल्या वादकाला खालचे सूर अजून मोकळे हवे असतील तर थ्रोट ०.१ मिमीनेच वाढवून मागा, आणि तेही तिघांची परीक्षा झाल्यावर. मोठं केलेलं भोक परत लहान होत नाही.