जर्मनीत मास्टर्स झालं, आता व्हिसाचं काय?

प्रश्न: ताई, मुलाचं आखेनला मास्टर्स संपलं, नोकरी अजून नाही आणि स्टुडंट परमिट दोन महिन्यांत संपतंय. परत यावं लागेल का हो त्याला?
– एक आई, सांगली

उत्तर: नाही हो, घाबरू नका. तिथल्या युनिव्हर्सिटीतून पास झालेल्यांना नोकरी शोधायला 18 महिन्यांपर्यंतचं परमिट मिळतं आणि तेवढ्या काळात कुठलंही काम चालतं, अगदी हॉटेलात प्लेटा उचलल्या तरी, भाडं तर सुटतं ना. पण अर्ज जुनं परमिट संपायच्या आत गेलाच पाहिजे, आणि परदेशी नागरिकांच्या ऑफिसात अपॉइंटमेंटला आठवडेच्या आठवडे लागतात म्हणून आजच मेल टाकायला सांगा. पास झाल्याचा कागद, हेल्थ इन्शुरन्स, खर्चाच्या पैशाचा पुरावा जवळ ठेवू दे. डिग्रीला साजेशी नोकरी मिळाली आणि पगार अटीत बसला की ब्लू कार्ड मिळतं, म्हणजे शिकलेल्या परदेशी लोकांसाठीचं तिथे राहून नोकरी करायचं परमिट.